पोराचं अटेन्शन ६२ टक्के, मग उरलेलं ३८ कुठं गेलं?

सध्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नवीन प्रकार फिरतोय. पोराला अर्धा तास टॅबसमोर बसवतात, हिरवा गोल आला की बटण दाब, आकडे लक्षात ठेव, मधला बाण कुठल्या बाजूला आहे ते सांग, असं काहीबाही करून घेतात आणि मग एक चकचकीत पीडीएफ हातात देतात. त्यात गोल चार्ट, लाल-हिरव्या पट्ट्या आणि टक्के. अटेन्शन इतकं, वर्किंग मेमरी इतकी, प्रोसेसिंग स्पीड इतका. शेवटच्या पानावर अर्थातच क्लासची फी.

आमच्या वहिनींनी अशीच एक पीडीएफ माझ्यापुढं धरली. "भावजी, तुम्ही शिकलाय न्हवं हे सायकॉलॉजी, मग सांगा की जरा, अटेन्शन ६२ टक्के आलंय म्हणजे उरलेलं ३८ कुठं गेलं?" चेष्टेत विचारलं त्यांनी, पण त्या अख्ख्या पीडीएफला विचारायला ह्याच्यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

आधी एक सांगून टाकतो, ते टॅबवरचे खेळ बनावट नाहीत. बहुतेक खेळ खऱ्या संशोधनातून उचललेले असतात, काहींच्या मागची कल्पना तर दीडशे वर्षं जुनी आहे. भानगड अशी आहे की हे खेळ "माणसाचं डोकं कसं चालतं" हे शोधायला बनवलेत आणि आपण ते "माझ्या पोराचं डोकं शेजारच्या पोरापेक्षा किती चालतं" हे काढायला वापरतोय. हे दोन प्रश्न ऐकायला सारखे वाटले तरी सारखे नाहीत, आणि का नाहीत ते समजायला थोडं मुळापासून जावं लागेल.

आतलं दिसत नाही, मग कळतं कसं?

कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी म्हणजे माणूस बघतो, लक्ष देतो, लक्षात ठेवतो, विसरतो, ठरवतो, हे सगळं आत नेमकं कसं होतं त्याचा अभ्यास. कॉलेजच्या पुस्तकात बोधनिक मानसशास्त्र म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात बसलाय असं समजा. भटारखाना आत, मधे पडदा, आतलं काही दिसत नाही. ऑर्डर आत जाते, ताट बाहेर येतं. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत, किती वेळ लागला आणि काय चुकलं. साधी मिसळ चार मिनिटांत येते आणि "दही वेगळं, कांदा नको, कट कमी" म्हटलं की पाच मिनिटं लागतात, तर आत न डोकावता तुम्ही म्हणू शकता की ह्या जादा सूचना सांभाळायला एक मिनिट गेलं. बास, कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीची निम्मी पद्धत हीच आहे.

डोंडर्स नावाच्या डच डॉक्टरनं १८६८ मध्ये हेच माणसावर केलं. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा, डाव्या पायाला बसला की डावा हात हलवायचा, उजव्याला बसला की उजवा. एकदा कुठल्या पायाला बसणार ते आधी सांगून, एकदा न सांगता. दोन्ही वेळा झटका तोच, हात तोच, फरक फक्त "डावा का उजवा" हे ठरवण्याचा. तो फरक निघाला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग. म्हणजे एक बारीकसा निर्णय घ्यायला डोक्याला किती वेळ लागतो ते वजाबाकी करून काढलं गड्यानं. पुढं १८७९ मध्ये वुंट ह्या जर्मन माणसानं लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली आणि हे सगळं रीतसर सुरू झालं.

तर "टास्क" म्हणजे असं मुद्दाम रचलेलं छोटं काम, ज्यात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. "रिॲक्शन टाईम" म्हणजे समोर काहीतरी दिसल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ, हा मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. एवढे दोन शब्द पुरेत.

स्केचपेन घ्या आणि करून बघा

सगळ्यात गाजलेला टास्क स्ट्रूपचा. जॉन रिडली स्ट्रूप, अमेरिकेत टेनेसीचा, १९३५ मध्ये पीएचडीच्या कामातून छापला. घरात करता येतो आणि करून बघितल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही.

एका कागदावर स्केचपेननं लाल, हिरवे, निळे, पिवळे ठिपके काढा, वीस-पंचवीस, उलटसुलट क्रमानं. दुसऱ्या कागदावर तेवढेच शब्द लिहा पण चुकीच्या रंगात, "लाल" हिरव्या पेननं, "निळा" पिवळ्यानं असं. आता मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्यानं फक्त शाईचा रंग म्हणायचा, शब्द वाचायचा नाही. पहिला कागद गाडीगत जातो. दुसऱ्यावर माणूस पहिल्या ओळीतच अडखळतो, "ला... हिरवा" असं करतो, मग हसतो, मग एका ठिकाणी चक्क थांबतो.

स्ट्रूपच्या प्रयोगात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि चुकीच्या शाईतल्या १०० शब्दांचे रंग सांगायला ११०. उलट केलं, म्हणजे रंग सोडून नुसते शब्द वाचायला सांगितले, तर शाई कुठलीही असली तरी जवळपास काही फरक पडला नाही. म्हणजे वाचणं रंगाच्या आड येतं, रंग वाचण्याच्या आड फारसा येत नाही. कारण वाचायची इतक्या वर्षांची सवय की ते आपोआप होतं, थांबवता येत नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडनं जाताना पाट्या न वाचता चालून दाखवा बघू, नजर गेली की वाचून झालेलं असतंय.

ह्यात अजून एक मजा आहे. ज्या पोराला अजून वाचता येत नाही, बालवाडीतलं, ते दुसऱ्या कागदावर अडखळतच नाही, त्याला ती नुसती रंगीत नक्षी. आणि इंग्लिश मीडियमची पोरं, ज्यांना देवनागरी जरा अडखळत वाचायला लागतं, त्यांना मराठी शब्दांचा त्रास कमी होतो आणि इंग्रजी शब्दांचा जास्त, कारण ज्या भाषेचं वाचन पक्कं ती जास्त आडवी येते. आता विचार करा, एखाद्या क्लासवाल्यानं मराठीतला स्ट्रूप दिला आणि पोराला जास्त वेळ लागला तर त्याचं लक्ष कमी का त्याचं वाचन चांगलं? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

लक्ष देणं म्हणजे बाकीचं सोडणं

लक्षाबद्दलचे टास्क इतके आहेत की सगळे सांगत बसलो तर दिवस जाईल, म्हणून दोन-तीनच. १९५३ मध्ये कॉलिन चेरीनं लोकांच्या दोन कानात दोन वेगवेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं ऐकून लगोलग म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते लोकांना जवळजवळ काहीच सांगता येईना, मधेच इंग्रजीचं जर्मन केलं तरी कळलं नाही. पण १९५९ मध्ये मोरे नावाच्या संशोधकानं त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. म्हणजे फाटक पूर्ण बंद नसतं.

दुसरा तुम्ही कदाचित व्हिडिओत बघितला असेल. सायमन्स आणि शाब्री, १९९९. पोरं बॉल पास करतायत, पांढऱ्या टीशर्टवाल्यांचे पास मोजा म्हणतात, मधून गोरिलाचा वेश घातलेलं माणूस चालत जातं आणि मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. डोळे तिकडं असून. ह्याला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच रंगात आल्यावर खिशातलं पाकीट कधी गेलं हे ज्याला कळलं नाही त्याचं लक्ष कमी नव्हतं, लक्ष भरपूर होतं, बॉलवर होतं.

ह्यातूनच एक कामाची गोष्ट निघाली. स्ट्रेयर आणि जॉन्स्टननी २००१ मध्ये गाडी चालवण्यासारखं काम करता करता लोकांना फोनवर बोलायला लावलं, तर सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, आणि फोन हातात आहे का हँड्स-फ्री ह्यानं फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांना तसा त्रास झाला नाही. त्यामुळं कानात इअरफोन घालून, मोपेडवर, दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतनं बोलत जाणाऱ्या मंडळींनी "माझे दोन्ही हात हँडलवर आहेत की" हे सांगू नये, हाताचा प्रश्नच नाही.

आणि ते "माणसाचं लक्ष आता आठ सेकंदांवर आलंय, गोल्डफिशपेक्षा कमी" हे फॉरवर्ड. २०१५ च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका रिपोर्टमुळं ते जगभर पसरलं आणि त्या आकड्यामागं धड अभ्यास कुणालाच सापडलेला नाही. लक्षाचा असा एकच एक सेकंदातला आकडा नसतो, कशाकडं लक्ष द्यायचंय त्यावर ते असतं. तुमचं पोरगं तीन तास गेम खेळतं न्हवं, ते पण लक्षच आहे.

सात आकडे का चार

पीडीएफमधली "वर्किंग मेमरी" म्हणजे एखादं काम चालू असताना तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवणं आणि त्यावर काम करणं. हातचा धरून बेरीज करतो तेव्हा तो हातचा जिथं असतो ती जागा. ब्रिटनमधल्या बॅडली आणि हिच ह्या दोघांनी १९७४ मध्ये ह्याचा नकाशा मांडला, आवाजानं घोकायचं एकीकडं, डोळ्यासमोर चित्र धरायचं दुसरीकडं, आणि वर एक मुकादम जो काय कुठं द्यायचं ते बघतो. त्याआधी १९५६ मध्ये जॉर्ज मिलरनं माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरतो, दोन इकडं-तिकडं, असं लिहिलं होतं. पुढं २००१ मध्ये कोवाननं दाखवलं की मनात घोकण्याची सोय काढून घेतली तर चारच्या आसपास येतात.

पण "एक गोष्ट" म्हणजे काय? एमएच ०९ हे कोल्हापूरकराला एकच आहे, एका दमात येतं, गाडीचा नंबर लक्षात ठेवताना आपण पुढचंच काय ते धरतो. आसाममधल्या माणसाला ती चार वेगळी चिन्हं. त्याची मेमरी कमी नाही, त्याच्याकडं आपलं आरटीओ नाही. आकडे म्हणायला किती वेळ लागतो ह्यावरसुद्धा हा स्कोर हलतो, वेल्श भाषेत आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो म्हणून त्याच माणसांचा वेल्शमधला स्कोर इंग्रजीपेक्षा कमी आला होता, हे १९८० मध्येच दाखवलेलं आहे. हे पीडीएफमध्ये कुठं येतं? कुठंच नाही.

"ही सगळी लॅबमधली पोरखेळं, खऱ्या आयुष्याशी काय संबंध?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि निम्मा बरोबर आहे. गोल दिसल्यावर बटण दाबणं म्हणजे आयुष्य नव्हे, मान्य. पण मुद्दाम सोपं केल्याशिवाय कशामुळं काय झालं ते वेगळं काढता येत नाही. रस्त्यावरचा माणूस दमलेला, भुकेला, बायकोशी भांडून आलेला असू शकतो, त्याच्या चुकीचं कारण कसं ठरवणार.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, की मानसशास्त्रातले प्रयोग परत केले की फसतात. खरं आहे. २०१५ मध्ये शेकडो संशोधकांनी मिळून छापून आलेले १०० अभ्यास परत करून बघितले तेव्हा सामाजिक मानसशास्त्रातले साधारण पाव आणि कॉग्निटिव्हमधले साधारण निम्मेच तसे परत आले. म्हणून हुरळून जाऊ नये. पण स्ट्रूप त्यातला नाही, स्ट्रूप कुठंही करा, येतोच. तो इतका पक्का आहे की सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

पक्का टास्क, कच्चा आकडा

हे जरा उलटं वाटेल म्हणून सावकाश घेतो.

परत मिसळीकडं या. "दही वेगळं, कांदा नको" म्हटलं की प्रत्येक हॉटेलात जास्त वेळ लागतो. कुठंही जा, लागणारच. म्हणजे हा नियम पक्का. आता मी म्हटलं की ह्याच जादा वेळावरून गावातल्या हॉटेलांची नंबरवारी लावा, तर? इथं ५५ सेकंद, तिथं ६०, आणखी कुठं ५८. हॉटेला-हॉटेलातला फरक एवढासा आणि त्या दिवशी गर्दी किती होती, पोऱ्या नवीन होता का, गॅस संपला होता का ह्यातला फरक त्याच्या दुप्पट-तिप्पट. पुढच्या रविवारी गेलात तर नंबर बदललेले. नियम खरा, नंबरवारी कुचकामी. आणि दोन्हीचं कारण एकच, सगळ्यांकडं जवळपास सारखंच होतं म्हणून नियम पक्का आणि सारखंच होतं म्हणूनच वर-खाली लावता येत नाही.

कार्डिफ विद्यापीठातल्या हेज, पॉवेल आणि समनर ह्यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. स्ट्रूपसकट सात नावाजलेले टास्क घेतले, त्याच माणसांकडून तीन आठवड्यांच्या अंतरानं परत करून घेतले आणि पहिल्या वेळचा क्रम दुसऱ्या वेळी किती टिकतो ते बघितलं. १ म्हणजे पूर्ण टिकला, ० म्हणजे पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आकडे ० पासून ०.८२ पर्यंत निघाले. एकेका माणसाबद्दल काही ठरवायचं असेल तर ०.९ च्या आसपास पाहिजे असं टेस्ट बनवणारे धरतात.

त्यात अजून भर म्हणजे हे स्कोर बहुतेक वजाबाकीचे असतात, अवघड कागदाचा वेळ वजा सोप्याचा, आणि दोन्हीत मोजण्यातली जी काही चूक असेल ती वजाबाकीत कमी होत नाही, उलट साठते. टॅबच्या स्क्रीनला बोट कळायला लागणारा कमी-जास्त उशीर, रात्रीची झोप, "लवकर कर, रिक्षा थांबलीय" म्हणणारी आई, सगळं त्या ६२ मध्ये आहे.

तर वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर, उरलेलं ३८ कुठंच गेलेलं नाही, कारण पूर्ण १०० असं काही नव्हतंच. ६२ टक्के कशाचे? बरोबर उत्तरांचे, का शंभर पोरांत खालून बासष्टावा, का कंपनीनं स्वतः केलेल्या कुठल्या सूत्राचे? आणि शंभर पोरं म्हणजे कुठली, सहावीतली का कॉलेजातली, कागलची का कॅलिफोर्नियाची? पीडीएफ चाळली, ह्यातलं काहीही लिहिलेलं नाही. क्लासला विचारायचे प्रश्न हेच, आणि आणखी एक म्हणजे महिन्यानं परत घेतली तर आकडा किती हलेल. उत्तर देताना समोरचा माणूस चार्टकडं बोट दाखवायला लागला तर चहा पिऊन उठावं.

"पण क्लास लावल्यावर स्कोर वाढतोय की!"

वाढणारच. रोज तोच खेळ खेळल्यावर तो खेळ चांगला यायला लागतो. प्रश्न असा की त्यानं गणित सुधारतं का, अभ्यासात लक्ष लागतं का. २०१० मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीनं ११,४३० लोकांना सहा आठवडे ऑनलाईन असले खेळ दिले. प्रत्येकजण आपापल्या खेळात सुधारला आणि न खेळलेल्या, अगदी त्याच्यासारख्याच दुसऱ्या कामातसुद्धा फायदा दिसला नाही. २००८ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासानं वर्किंग मेमरीच्या सरावानं बुद्धी वाढते असं म्हटलं होतं, पण नंतर नीट तुलना करून केलेल्या अभ्यासांत ते टिकलं नाही. २०१६ मध्ये ल्युमॉसिटी ह्या ब्रेन-ट्रेनिंग ॲपच्या कंपनीनं फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २० लाख डॉलरवर प्रकरण मिटवलं.

बोटांच्या ठशावरून मेंदू सांगणारे ह्याच्याही पलीकडचे, तिथं टास्क पण नसतो. त्यावर वेळ घालवत नाही.

"मग हॉस्पिटलात का घेतात असल्या टेस्ट?"

घेतात आणि घ्यायला पाहिजेत. डोक्याला मार लागला, लकवा झाला, आजोबा विसरायला लागले, पोराला वाचायला खरंच जड जातंय, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतो. पण तो एका आकड्यावर जात नाही. बेंगळुरूच्या निमहान्सनं २००४ मध्ये अशा टेस्टचा भारतीय संच काढला त्यात वय, शिक्षण, बाई का पुरुष असे वेगवेगळे तक्ते आहेत, म्हणजे चौथी शिकलेल्या आजीची तुलना ग्रॅज्युएट पोराशी होत नाही. तो घरच्यांशी बोलतो, अनेक टेस्ट जोडून बघतो, आणि तिथं शोधायचा असतो तो फरक बऱ्याचदा मोठा असतो, ५५ आणि ५८ मधला नसतो. पोराबद्दल खरीच शंका असेल तर तिकडं जावं.

मग पोरानं करायचं काय?

ह्याच संशोधनातली एक गोष्ट मात्र घरी सरळ वापरता येते आणि ती परत परत तपासलेली आहे. रोडिगर आणि कार्पिकी, २००६. विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले, एक परत वाचायला लावला, दुसरा परत न वाचता आठवेल तेवढा कागदावर लिहून काढायला लावला. आठवड्यानं बघितलं तर परत वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढलेल्यातलं ५६. म्हणजे धडा वाचला, पुस्तक मिटलं, आठवेल ते वहीत लिहिलं, मग उघडून काय राहिलं ते बघितलं, दोन दिवसांनी परत तसंच.

फक्त एक घोळ आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा. पाचच मिनिटांनी विचारलं तेव्हा उलटं झालं होतं, परत वाचलेलं पुढं, ८१ विरुद्ध ७५. त्यामुळं पुस्तक मिटून लिहायला बसवलं की पोरगं म्हणणारच, "मला असं काय येईना, मी परत वाचतो, वाचलं की बरोबर ध्यानात राहतंय." त्या क्षणाला ते खोटं बोलत नसतंय. तरी आठवडाभर ऐकू नका, आणि पुढच्या रविवारी तोच धडा पुस्तक न दाखवता विचारा.